ब्राउझर अपडेट करा म्हणून पान आलं, पोरानं दाबलं. आता काय?

टॉवेलवाला – सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-नॅपकिनचं छोटं युनिट आहे. मागाचं सगळं कळतं, कॉम्प्युटरचं बेताचंच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसात दोन मशीन आहेत. एकावर बिलिंग आणि जीएसटी, दुसरं जुनं, नुसती लेबलं छापायला. परवा संध्याकाळी हिशेब बघणारा पोरगा कुठल्याशा ट्रान्सपोर्टच्या साइटवर पावती शोधत बसला होता. मधेच सगळं पान पांढरं झालं, क्रोमचं गोल चिन्ह आलं, खाली 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा' आणि एक निळं बटण. पोरगा गुणी, सांगितलेलं ऐकणारा. त्यानं लगेच दाबलं. एक झिप उतरली, त्यात एकच फाईल. तिच्यावर डबल क्लिक केलं. काही झालं नाही म्हणून आणखी दोनदा केलं. मग माझ्याकडे आला, "मालक, अपडेट होईना झालंय."

मशीन आजही चालू आहे, सगळं नीट दिसतंय. तरी मनात शंका आहे. हे खरं होतं का? आणि खरं अपडेट मिळतं तरी कुठं?

नवीपेठ रिपेअर – सोमवार, रात्री ९:२०

मालक, पुढचं वाचायच्या आधी त्या मशीनची नेटची वायर काढा. वायफाय असेल तर ते बंद करा. मग या.

टॉवेलवाला – सोमवार, रात्री ९:४१

पोराला फोन केला, तो शेळगीतच राहतो, जाऊन काढून आला. आता सांगा, इतकं घाबरण्यासारखं आहे का? अँटिव्हायरस तर काहीच बोलला नाही.

पुण्यातला सोलापूरकर – सोमवार, रात्री १०:०५

घाबरण्यासारखं आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळचा साखर पेठेतला.

एक नियम आधी सांगतो, बाकीचं नंतर. कुठलाही ब्राउझर तुमच्याकडे अपडेट पानातून मागत नाही. क्रोम, फायरफॉक्स, एज, कुणीच नाही. पान म्हणजे ब्राउझरच्या चौकटीच्या आत जे दिसतं ते. आतलं काहीही कुणीही रंगवू शकतो, क्रोमचं चिन्हसुद्धा. खरी सूचना चौकटीच्या बाहेर, वरच्या पट्टीत, ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत येते. आणि खरं अपडेट तुमच्या हातात झिप देत नाही. ते आपलं आपण उतरतं.

तुमच्याकडे झालं ते नवं नाही. निदान २०१८ पासून हा धंदा चालू आहे, सुरक्षावाल्यांनी त्यातल्या एका टोळीच्या मालवेअरला, म्हणजे घातक सॉफ्टवेअरला, 'सॉकघोलिश' असं नाव दिलंय. ते स्वतःची साइट काढत बसत नाहीत. चांगल्या, चालू असलेल्या साइटमध्ये शिरतात आणि तिथं आपला तुकडा पेरतात. तुम्ही कुठल्या ब्राउझरनं आलात ते तो तुकडा बघतो आणि त्याच ब्राउझरचं चिन्ह दाखवतो. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला शिव्या देऊ नका, बिचाऱ्याला पत्ताही नसेल. त्याला फोन करून कळवा मात्र.

झिपमधल्या फाईलचं शेवट 'डॉट जेएस' असं होतं का?

टॉवेलवाला – सोमवार, रात्री १०:१८

हो, पोरगा तसंच म्हणतोय. कागदाच्या गुंडाळीसारखं चिन्ह होतं म्हणे.

पुण्यातला सोलापूरकर – सोमवार, रात्री १०:३६

मग तीच जात. विंडोजमध्ये जेएस फाईलवर डबल क्लिक केलं की ती थेट आज्ञा म्हणून चालते. पडद्यावर काही दिसत नाही. 'काहीच झालं नाही' असं पोराला वाटलं ते म्हणूनच. ती फाईल मागच्या मागे मशीनची माहिती पाठवते: नाव काय, ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे का, कुठला अँटिव्हायरस. पलीकडचा माणूस ती माहिती बघून ठरवतो की इथं पुढचं काही उतरवायचं का. कधी पासवर्ड चोरणारं, कधी सगळ्या फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारं. म्हणजे आज शांत आहे याचा अर्थ वाचलात असा नाही.

आत्ता रात्री करायचं ते असं. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँक, मग जीएसटी. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ईमेलच्या सेटिंगमध्ये 'सगळीकडून लॉग आउट' असतं, तेही दाबा. चोर पासवर्डऐवजी लॉगिन झाल्याची खूण उचलून नेतात, ब्राउझर ती कुकी नावाच्या छोट्या नोंदीत ठेवतो, आणि ती खूण हाती असली की त्यांना पासवर्ड किंवा ओटीपी लागतच नाही. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) मशीनला लावलेलं असेल तर काढून खिशात ठेवा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, सकाळची वाट बघू नका.

नवीपेठ रिपेअर – सोमवार, रात्री १०:५०

आणि मशीन उद्या माझ्याकडे आणा, नाहीतर तुमच्या ओळखीच्या माणसाकडे न्या. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही तरी मी फॉरमॅटच सांगेन. बिलिंगचा डेटा वेगळा काढू, नुसत्या डेटा फाईली. कुठलीही प्रोग्रॅमची, डबल क्लिकनं चालू होणारी फाईल परत घ्यायची नाही.

कडक भाकरी – मंगळवार, सकाळी ७:३०

काय बे, एका क्लिकवरनं माणसाचं मशीन धुवायला काढलाव? मी गेली पाच वर्षं क्रोम अपडेट केला नाही, काय झालं मला? उलट अपडेट केलं की बटणं हलतात, फाँट बदलतो, आणि एका पोर्टलवर सही करायची जी युटिलिटी होती ती मागच्या वेळी अपडेटनंतर चालेना झाली. रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. दोन हजार रुपये विलंब शुल्क मी भरलो. तेव्हापासून मी काय दाबतच नाही. चाललंय ते चालू द्या.

टॉवेलवाला – मंगळवार, सकाळी ८:०२

भाकरीबुवा, तुमचं पटतंय पण माझी झोप उडालीय.

रात्री आणखी एक गोष्ट बघितली. वायर काढलेलीच होती, तरी मेनू उघडला. वर उजवीकडचे तीन ठिपके, मग 'हेल्प', मग 'अबाउट'. आवृत्ती १२० लिहिलीय. आणि खाली एक ओळ: तुमचा ब्राउझर तुमची संस्था चालवते, अशा अर्थाची. आमची कुठली संस्था? आमचं प्रोप्रायटरशिप आहे!

पुण्यातला सोलापूरकर – मंगळवार, सकाळी ८:४४

आता खरी गोम सापडली.

क्रोम १२० डिसेंबर २०२३ चा आहे. क्रोमची मोठी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते, हा वेग २०२१ मध्ये ९४ पासून सुरू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ११६ आल्यापासून सुरक्षेचे छोटे अपडेट दर आठवड्याला येतात. म्हणजे तुमच्या मशीननं शंभराच्या घरात दुरुस्त्या चुकवल्या.

आणि त्या 'संस्थे'चं असं आहे. मोठ्या ऑफिसांसाठी क्रोममध्ये सोय असते की अपडेट कधी घ्यायचं हे कंपनीचा आयटीवाला ठरवेल. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, एक नोंद टाकली की क्रोम समजतो, इथं कुणीतरी साहेब आहे. तुमच्याकडे डिसेंबर २०२३ च्या सुमारास कुणी मशीनला हात लावला होता?

टॉवेलवाला – मंगळवार, सकाळी ९:१०

बिलिंगचं नवं सॉफ्टवेअर तेव्हाच बसवलं. त्यांचा माणूस दिवसभर होता. चहा तीनदा पाजला त्याला.

नवीपेठ रिपेअर – मंगळवार, सकाळी ९:२५

खरं सांगू का, शिव्या देऊ नका. आम्ही दुकानवालेसुद्धा हे करतो. करत होतो म्हणा.

कारण असं की गिऱ्हाइकाचं मशीन अपडेट झालं, दुसऱ्या दिवशी प्रिंटर किंवा सही चालली नाही, की फोन आम्हाला. "काल तुम्हीच बघितलं होतं ना?" फुकट फेरी. मग माणूस काय करतो? विंडोजचं अपडेट बंद, क्रोमचं अपडेट बंद, काम करून मोकळा. गिऱ्हाईक खूश, फोन बंद. वर्ष-दोन वर्षांनी ही अशी पानं येतात तेव्हा 'जुना झालाय' हे वाक्य खरंच असतं, म्हणून माणूस फसतो.

तुमच्या पोराची चूक धरू नका. त्याचा ब्राउझर खरोखरच जुना होता.

शिल्पा जुळे सोलापूर – मंगळवार, सकाळी ११:१५

हे शेवटचं वाक्य वाचून थांबले. माझं घरगुती शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं ऑर्डरचं काम आहे (वरच्या दादांशी संबंध नाही), सगळं मोबाईलवर. लॅपटॉप मुलाचा, त्यात मी क्रोम कधी बंदच करत नाही. चाळीसेक टॅब उघडे असतात. झाकण लावते, परत उघडते. वर कोपऱ्यात लाल काहीतरी दिसतं ते मी महिनाभर बघतेय. हेच का ते?

पुण्यातला सोलापूरकर – मंगळवार, दुपारी १२:०२

शिल्पाताई, हेच ते. आणि माझ्या मते खरा घोटाळा तुमच्याच पद्धतीत आहे, टॉवेलवाल्यांच्या केसपेक्षा जास्त घरांत हा सापडेल.

विंडोजवर क्रोमचं एक वेगळं काम मागे चालू असतं. ते दर काही तासांनी विचारतं, नवं काही आहे का. असलं तर उतरवून घेतं आणि जुन्याच्या शेजारी ठेवून देतं. इथपर्यंत तुम्हाला काही करायचं नसतं. पण चालू असलेला ब्राउझर जुनाच राहतो. तो पूर्ण बंद होऊन परत उघडेल तेव्हाच नवा. झाकण लावणं म्हणजे बंद करणं नव्हे, मशीन फक्त झोपतं. नव्या चादरी गोदामात येऊन पडल्यात आणि गादीवर जुनीच आहे, असं.

त्या खुणेला रंग असतात. अपडेट येऊन दोन दिवस झाले नसतील तर हिरवा, चार दिवस झाले की नारिंगी, आठवडा उलटला की लाल. तुमचा महिनाभर लाल आहे.

टॅबांची काळजी करू नका. 'रीलाँच' (बंद करून परत उघडा) दाबलं की टॅब परत येतात. इनकॉग्निटोची, म्हणजे खाजगी, खिडकी मात्र परत येत नाही, आणि अर्धवट भरलेला फॉर्म जातो. तेवढं आधी बघा. आणखी एक, क्रोम बंद केल्यावरही मागे चालू ठेवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो चालू असेल तर फुली मारूनही तो पूर्ण मरत नाही. म्हणून फुलीपेक्षा 'रीलाँच' बरं.

फायरफॉक्सला तीन आडव्या रेघा, 'हेल्प', 'अबाउट'. एजला तीन ठिपके, 'हेल्प अँड फीडबॅक', 'अबाउट'. ते पान उघडताच तो स्वतः तपासायला लागतो, वेगळं बटण दाबायचं नसतं.

शिल्पा जुळे सोलापूर – मंगळवार, दुपारी १२:२०

दाबलं. चाळीसच्या चाळीस टॅब परत आले. त्यातले पस्तीस कशाला उघडे होते तेच आठवेना.

कडक भाकरी – मंगळवार, दुपारी १:४०

ठीक, चादरीचं समजलं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देईना. नुसतं पान बघितल्यानं काय होतं? मी काय डाउनलोड करत नाही, काय दाबत नाही. माझ्या जुन्या क्रोमला धोका कसला? आणि सहीचं काय?

पुण्यातला सोलापूरकर – मंगळवार, रात्री ९:३०

भाकरीदादा, प्रश्न रास्त आहे. जेवून बसलोय, जरा लांब लिहितो.

सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घेऊ. वेबपी नावाचा चित्रांचा प्रकार आहे, गूगलनं २०१० मध्ये आणलेला. आज बऱ्याच साइटवर तुम्हाला दिसणारे फोटो त्यात असतात. ते चित्र उलगडून पडद्यावर दाखवायचं काम एक छोटं सॉफ्टवेअर करतं, आणि जवळपास सगळे ब्राउझर तेच एक वापरतात. त्यात चूक निघाली. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब ही संशोधन संस्था यांनी ती कळवली. मुद्दाम वाकडं बनवलेलं चित्र उघडलं की ते सॉफ्टवेअर दिलेल्या जागेच्या बाहेर मेमरीत लिहायचं.

आपल्या भाषेत सांगतो. आमच्या आजोबांचे भवानी पेठेत चार माग होते. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी ठोकळा, या पेटीतून सुटतो, त्या पेटीत थांबतो. पेटीनं अडवलं नाही तर धोटा उडतो, आणि कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. आजोबांच्या कपाळावर त्याची खूण होती. इथं वाकड्या चित्राचं काम एवढंच, की धोटा नेमका कुठं उडेल हे पाठवणाऱ्यानं ठरवायचं. आणि तो जिथं बसतो तिथं त्याची आज्ञा चालते.

दाबायचं काही नाही. डाउनलोड नाही. चित्र दिसलं, झालं.

क्रोमनं ११ सप्टेंबरला दुरुस्ती सोडली, फायरफॉक्सनं दुसऱ्या दिवशी ११७.०.१. एज आणि क्रोमच्याच पायावर (क्रोमियमवर) उभी असलेली बरीच डेस्कटॉप ॲपंही मागोमाग बदलावी लागली. तेव्हा क्रोमच्या घोषणेत एक वाक्य होतं, की या चुकीचा वापर करणारं हत्यार बाहेर फिरतंय याची आम्हाला कल्पना आहे. हे वाक्य अधूनमधून येतं. ते वाचलं की मी हातातलं काम सोडून रीलाँच करतो.

क्रोममध्ये वाळूच्या पेटीसारखी एक सोय आहे, सँडबॉक्स म्हणतात. पान उघडणारा भाग कोंडून ठेवलेला असतो, त्याला थेट तुमच्या फाईलींना हात लावता येत नाही. म्हणून नुसता एक धोटा उडून सगळं घर जात नाही, हल्लेखोराला बहुतेक वेळा दोन-तीन चुका एकाला एक जोडाव्या लागतात. पण तुमच्या पाच वर्षं जुन्या क्रोममध्ये त्या जोडायला भरपूर आहेत. गूगलनं २०२० मध्ये स्वतःच सांगितलं होतं की क्रोममधल्या गंभीर सुरक्षा-चुकांपैकी सुमारे ७० टक्के या मेमरीच्याच गोंधळाच्या असतात.

आणि उशीर का नको, तेही. क्रोमचा पाया, क्रोमियम, सगळ्यांना उघडा आहे. दुरुस्ती झाली की कोड सगळ्या जगाला दिसतो. म्हणून बहुतेकांचं अपडेट होईपर्यंत चुकीचा तपशील ते झाकून ठेवतात. पण हुशार माणूस दुरुस्ती बघून चूक कुठं होती ते ताडतो. भिंतीला नवं प्लास्टर कुठं लावलंय ते दिसलं, की ज्या घरात लावलं नाही तिथं भोक कुठं आहे ते कळतं. तुमचं घर बिनप्लास्टरचं.

हुरडा पार्टी – मंगळवार, रात्री ९:५२

धोट्याचं वाचून माझ्या वडिलांना वाचून दाखवलं. त्यांना ब्राउझर काय ते ठाऊक नाही, पण म्हणाले, "बरोबर बोललालाय पोरगा."

कडक भाकरी – मंगळवार, रात्री १०:१०

प्लास्टरचं पटलं. पण सही?

नवीपेठ रिपेअर – मंगळवार, रात्री १०:३१

सहीचा त्रास खरा आहे, मी रोज बघतो. पण दोन जातींचा आहे, ते वेगळं करा.

एक, लई जुनी पोर्टलं. त्यांना ब्राउझरच्या पोटात जावा नावाचं सॉफ्टवेअर लागायचं. क्रोमनं २०१५ मध्ये, ४५ पासून, ती सोय काढूनच टाकली. मग लोक इंटरनेट एक्स्प्लोरर (आयई) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरला चिकटून बसले, तोही १५ जून २०२२ ला बंद. अशा साइटसाठी एजमध्ये 'आयई मोड' आहे. तेवढीच एक साइट त्या मोडात उघडायची, बाकी सगळं ताज्या ब्राउझरवर. सगळा ब्राउझर जुना ठेवायची गरज नाही.

दुसरी जात, आजची. सहीचं सॉफ्टवेअर ब्राउझरच्या बाहेर, मशीनवर वेगळं बसलेलं असतं आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. इथं बिघडतं ते बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर जुनं असल्यामुळं. तुम्ही ब्राउझरला दोष देता, पण नवी युटिलिटी उतरवून घेतली की दहा मिनिटांत चालतं. माझा अनुभव दहातले आठ.

आणि शेवटच्या तारखेला अपडेट करू नका, एवढं मीही सांगेन. भरणा झाला की त्याच रात्री करा.

मास्तर – बुधवार, दुपारी ४:१५

आमच्या शाळेतली गंमत ऐका. लॅबमध्ये वीस मशीन. पोरं वॉलपेपर बदलतात, गेम टाकतात, म्हणून एक सॉफ्टवेअर बसवलंय, मशीन रीस्टार्ट केलं की सगळं पहिल्यासारखं. फार सोयीचं. पण हा धागा वाचून आज तपासलं तर क्रोम दीड वर्षापूर्वीचा! रोज सकाळी वीसही मशीन अपडेट उतरवून घेतात, आणि संध्याकाळी बंद केलं की सगळं पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी परत. आमचं नेट हळू का चालतं याचं उत्तर असं मिळालं.

पुण्यातला सोलापूरकर – बुधवार, दुपारी ४:४०

सर, हा किस्सा मी ऑफिसात सांगणार. उपाय सोपा आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूप काढायची अवस्था असते. शनिवारी शाळा सुटली की कुलूप काढा, विंडोज आणि क्रोम अपडेट होऊ द्या, रीस्टार्ट करा, आवृत्ती बघा, मग परत कुलूप. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये याचं वेळापत्रकही लावता येतं.

आप्पा बाळे – बुधवार, सायंकाळी ६:५०

मी रेल्वेतून निवृत्त. मशीन विंडोज ७, क्रोम १०९. तुम्ही सांगितलं तसं 'अबाउट' उघडलं, तो म्हणतो पुढचं अपडेट मिळणार नाही. मी रोज उघडून बघतो, रोज तेच. काय करावं? फेकून द्यायला मन होत नाही, पेन्शनच्या पहिल्या पैशातनं घेतलेलं आहे.

नवीपेठ रिपेअर – बुधवार, सायंकाळी ७:१०

आप्पा, रोज उघडून उपयोग नाही. १०९ हाच विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी शेवटचा क्रोम. ११० पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, विंडोज १० लागतं. फायरफॉक्सनं ११५ ची लांब पल्ल्याची शाखा जुन्या विंडोजसाठी ठरल्यापेक्षा बरीच पुढं ओढली, पण खाली विंडोजच उघडं पडलंय. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचं साधं सहाय्य १४ जानेवारी २०२० ला संपलं.

रॅम चार जीबी असेल तर एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट बसवून देतो. मशीन तेच राहील, ब्राउझर ताजा होईल. मराठी टायपिंगही होतं. तोवर बँकेचं काम त्यावर करू नका, फोनवर करा.

विंडोज १० वाल्यांनीही ऐकून ठेवा. त्याचं सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. वाढीव सुरक्षा अपडेटला घरगुती माणसाला नाव नोंदवता येतं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. एज मात्र विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देणार असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. म्हणजे ब्राउझर ताजा आणि खालचं घर जुनं, अशी स्थिती होणार.

आप्पा बाळे – बुधवार, सायंकाळी ७:४०

शनिवारी येतो. बँकेचं म्हणाल तर मी अजून पासबुक छापून घेतो, त्याला अपडेट लागत नाही. शाई नसते एवढंच.

शिल्पा जुळे सोलापूर – गुरुवार, सकाळी १०:३०

मोबाईलचं कुणीच बोललं नाही. माझं सगळं काम त्यावर. आणि आईचा फोन जुना आहे, तिच्या फोनवर ग्रुपमध्ये आलं होतं, 'सरकारचा इशारा, क्रोम वापरणारे धोक्यात, ताबडतोब या लिंकवरून अपडेट करा'.

पुण्यातला सोलापूरकर – गुरुवार, सकाळी ११:२०

त्या फॉरवर्डचं पहिलं अर्धं बहुतेक वेळा खरं असतं. सर्ट-इन ही सरकारी संस्था क्रोमबद्दल वरचेवर सूचना काढते, पेपरात बातमी येते. फसवणूक लिंकमध्ये असते. बातमी वाचा, लिंक सोडा, आणि स्वतःच्या हातानं प्ले स्टोअर उघडा.

अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अपडेट होतो. पण 'फक्त वायफायवर' असं सेट असतं आणि घरात वायफाय नसेल तर तो महिनोन् महिने तसाच. जागा भरली असेल तरी तेच. आणि 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाचं एक असतं, लोक त्याला ओळखत नाहीत म्हणून अपडेट करत नाहीत. इतर ॲपं आतल्या आत जी पानं उघडतात ती त्याच्यावर. तेही करा.

मार्च २०२१ मध्ये याच वेबव्ह्यूच्या एका खराब अपडेटनं जगभर अँड्रॉइडवरची ॲपं धडाधड बंद पडत होती, हेही भाकरीदादांनी म्हणण्याआधी मीच सांगून टाकतो. अपडेट चुकतं कधी कधी. पण त्याचीही दुरुस्ती अपडेटनंच आली.

आईंचा फोन अँड्रॉइड ८ किंवा ९ असेल तर तिथं क्रोम १३८ शेवटचा, पुढं अँड्रॉइड १० लागतं. अँड्रॉइड ७ ला ११९ शेवटचा. आयफोनला सफारी आयओएसच्या अपडेटबरोबर येतो, वेगळा नाही.

शिल्पा जुळे सोलापूर – गुरुवार, सकाळी ११:३५

अँड्रॉइड ९ निघाला. आईला म्हटलं, आता यावर फक्त बोलायचं. ती म्हणाली, मी बोलतेच फक्त.

टॉवेलवाला – शनिवार, रात्री ८:४५

उशीर झाला, गड्ड्याच्या जत्रेमुळं पाहुणे होते.

मशीन नवी पेठेत फॉरमॅट झालं. पासवर्ड सगळे बदलले, खात्यातून काही गेलेलं नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला, तो म्हणाला आणखी दोघांनी सांगितलंय.

काल बिलिंगचा माणूस परत बसवायला आला. तोच, तीन चहावाला. काम संपवून शेवटी कसली तरी काळी खिडकी उघडून टाइप करायला लागला. मी मागावर होतो. आमचा पोरगा शेजारी उभा, त्यानं विचारलं, "हे काय करलालाव?" तो म्हणाला, अपडेट बंद करतोय, पुढं त्रास नको. पोरगा म्हणाला, "ते राहू द्या. त्रास झाला तर मी फोन करत नाही तुम्हाला." लिहून दे म्हणाला तो. पोरानं बिलाच्या मागं लिहून सही करून दिलं!

आता रात्री शटर ओढायच्या आधी तोच क्रोम बंद करतो आणि सकाळी 'अबाउट' उघडून आकडा वहीत लिहितो. वहीची गरज नाही हे मलाही कळतं, पण मी काही बोललो नाही.

लेबलवालं जुनं मशीन विंडोज ७ निघालं. त्याची नेटची वायर कायमची काढली. छपाईला नेट लागत नाही. डिझाइन मोठ्या मशीनवरून पेनड्राइव्हनं नेतो.

नवीपेठ रिपेअर – शनिवार, रात्री ९:०३

पेनड्राइव्ह कुठला, तोच जो त्या दिवशी मशीनला लावलेला होता?

टॉवेलवाला – शनिवार, रात्री ९:०५

...सोमवारी घेऊन येतो.